झील धरणारा नट : डेव्हिड अब्राहम चेऊलकर

हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत १९३७ पासून पुढे चाळीसहून अधिक वर्षं एक नाव बहुधा एकटंच येत राहिलं : डेव्हिड. पुढे-मागे काही नाही. पडद्यावर ठेंगणा, टक्कल पडलेला, गोबऱ्या गालांचा, डोळ्यांनी आधी हसणारा माणूस दिसला की प्रेक्षकाला नाव वाचायचीही गरज उरत नसे. हा कुणाचा तरी काका, मामा, डॉक्टर, नाहीतर शेजारी असणार, आणि चित्रपटातल्या तरुण जोडीच्या बाजूने असणार, हे ठरलेलं. नावावरून आणि भूमिकांवरून बहुतेकांनी त्याला ख्रिश्चन समजून टाकलं. आमच्या नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात जुने चित्रपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, ‘तो पाद्रीबाबासारखा म्हातारा ना?’ असंच उत्तर येईल.

त्या माणसाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म १९०९ चा. धर्माने ज्यू, समाजाने बेने इस्राएल, घरची भाषा मराठी. चेऊलकर म्हणजे चेऊलचा, अर्थात रायगड जिल्ह्यातल्या चौलचा. हे आडनाव सावंत-पाटलांइतकंच इथलं आहे. पडद्यावर गेलं ते नेमकं हेच.

जुन्नरच्या माणसाने चौलच्या आडनावावर लिहावं याला थोडं कारण आहे. आमच्या नाणेघाटातून उतरलं की कोकण लागतं. सातवाहनांच्या काळात या घाटाने जुन्नरचा माल खाली कल्याण-सोपाऱ्याकडे जाई, आणि त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला चौल होतं. ग्रीक लेखकांनी त्याला सेमुल्ला किंवा सिमुल्ला म्हटलं, कान्हेरीच्या शिलालेखांत ते ‘चेमुल’ म्हणून येतं, अरबांनी ‘सैमूर’ केलं. बंदरावर परदेशी उतरत आणि त्यांतले काही घाट चढून वर येत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्याने भोजनमंडप दिला, चंद नावाच्याने गर्भगृहाचं दार. हे चिट आणि चंद काही ग्रीक भाषेतले शब्द वाटत नाहीत. परक्या मुलखातून आलेला माणूस दोन पिढ्यांत इथलं नाव घेतो किंवा त्याला ते दिलं जातं, याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी पुरावा आमच्या गावाशेजारी आहे. नावाच्या प्रश्नाकडे माझं लक्ष गेलं ते तिथून.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. ती केव्हा आली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पुढे काय झालं ते स्पष्ट आहे. ही माणसं कोकणातल्या गावोगाव पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. शब्द नीट ऐकावा. त्यात धर्माचा वाद नाही, फक्त सुट्टीचा वार वेगळा असल्याची नोंद आहे. सोमवार तेलीही होतेच. गावावरून आडनावं आली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर, चेऊलकर. बायका लुगडी नेसत. नवस फेडताना पोहे, नारळ, फळं घालून ‘मलिदा’ करत आणि एलिया संदेष्ट्याचं नाव घेत. इंग्रजी फौजेत यांतले पुष्कळजण गेले आणि त्याच वाटेने मुंबई-पुण्यात स्थिरावले. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सामुएल दिवेकर यांनी बांधलं. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे. लष्करातलं प्रसिद्ध लाल देऊळ बगदादी ज्यूंचं, ससून घराण्याने बांधलेलं. ती मंडळी वेगळी आणि त्यांची भाषाही वेगळी.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएलांनी मराठी कीर्तन उचललं. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडी-ओवीत बांधून उभ्याने कीर्तन करणारे ज्यू कीर्तनकार मुंबईत आणि कोकणात होते. म्हणजे टाळ-मृदंगाच्या साथीने श्रोत्यांना हसवत-रडवत धर्मकथा सांगण्याची कला त्यांच्याकडे होती, ती आपल्याच मातीतली होती. डेव्हिडने अशी कीर्तनं ऐकली असतील की नाही यावर मी काही रचू इच्छित नाही. पण ज्या समाजातून तो आला त्याला रंगमंच परका नव्हता, एवढं यातून निश्चित कळतं. भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्या नाटकावरून निघाला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड हेही बेने इस्राएल, आणि त्यांचं आडनाव पेणकर. तेही श्रेयनामावलीत येत नाही.

डेव्हिड शिकला भरपूर. मुंबई विद्यापीठाची पदवी, त्यावर कायद्याची पदवी. वकिली मात्र झाली नाही. १९३७ मध्ये मोहन भवनानींच्या ‘झांबो’ या जंगलपटातून तो पडद्यावर आला. व्यायामाची आवड होती. भारोत्तोलनाच्या खेळात पुढे तो पंच आणि संघटक म्हणून वावरला. हे वाचून आश्चर्य वाटतं, कारण पडद्यावरचा डेव्हिड वजन उचलण्यापेक्षा खुर्चीत रेलून बसलेलाच आठवतो. नायक होण्याजोगी उंची नव्हती, खलनायक होण्याजोगा चेहरा नव्हता. ‘नया संसार’ (१९४१) सारख्या चित्रपटांपासून त्याला छोट्या पण बोलक्या भूमिका मिळत गेल्या आणि अखेरपर्यंत शंभराहून अधिक चित्रपट झाले.

त्या काळच्या ज्यू नट्यांची नावं याच्याशेजारी ठेवून पाहावीत. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाली. एस्थर अब्राहम ‘प्रमिला’ झाली. फ्लोरेन्स इझिकेल ‘नादिरा’ झाली. नायिकेला हिंदू किंवा मुसलमान वाटेल असं नाव लागे. उलट विनोदी नटाच्या बाबतीत वारा दुसरीकडून वाहत होता. बद्रुद्दीन काझी नावाचा मुसलमान तरुण दारूच्या बाटलीवरचं नाव घेऊन ‘जॉनी वॉकर’ झाला, कारण गोरं नाव कानावर पडलं की प्रेक्षक आधीच हसायला तयार होई. डेव्हिडला नाव बदलावं लागलं नाही. त्याला फक्त अर्धं नाव गाळावं लागलं. आणि गाळलं गेलं ते ज्यूपण नव्हे. ‘डेव्हिड अब्राहम’ यात बायबलातले दोन पुरुष आहेत, त्याहून ज्यू नाव कुठलं? गळालं ते ‘कर’. मराठीपण. ‘चेऊलकर’ राहिलं असतं तर पडद्यावरच्या डेव्हिडला कुणी गोव्याचा किंवा वांद्र्याचा अंकल समजलं नसतं, आणि मग त्याला तशी कामंही मिळाली नसती. हा माझा तर्क आहे, पण त्याच्या भूमिकांची यादी त्याच बाजूने साक्ष देते.

त्या यादीत सर्वांत वरची भूमिका ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधल्या जॉन चाचाची. निर्माता राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. आईबापांवेगळी दोन भावंडं, भोला आणि बेलू, झोपडपट्टीत नात्यातल्या एका बाईच्या तावडीत सापडतात. ती त्यांना भीक मागायला लावते. शेजारचा जॉन चाचा त्यांना सांगतो की भीक मागू नका, काम करा. मुलं पैसे साठवून ब्रश आणि पॉलिशची डबी घेतात. हा जॉन चाचा स्वतः करतो काय, तर चोरून दारू विकतो. मुंबई राज्यात तेव्हा नुकतीच दारूबंदी झाली होती आणि हातभट्टीवाला ख्रिश्चन हे पात्र हिंदी चित्रपटात आयतं मिळालेलं होतं. प्रेक्षकाने त्याला हसावं, फारतर कीव करावी, एवढीच त्याची सोय असे. इथे मात्र चित्रपटाची नीती सांगण्याचं काम त्याच्याकडेच दिलं आहे. आणि हा माणूस नीती सांगताना मोठा होत नाही. मुलांच्या मुठीत काय आहे असं विचारणारं ते गाणं आठवा. आवाज रफीचा आणि आशाचा, पण गाण्यात उपदेश आहे हे ऐकणाऱ्याला उशिरा कळतं, कारण डेव्हिड मुलांकडे वरून पाहत नाही. तो स्वतःच त्यांच्या उंचीचा.

पण मला याहून मोलाचं वाटतं ते तुरुंगातलं गाणं. चाचाला दारू विकल्याबद्दल पकडून नेतात. तुरुंगात टकले कैदी जमून, अडाणा रागात, मन्ना डेंच्या आवाजात ढगाला बोलावतात : ‘लपक झपक’. डोक्याची जमीन कोरडी पडली आहे, पाऊस आला तर केस उगवतील, अशी ती प्रार्थना. शंकर-जयकिशननी बंदिश इतकी पक्की बांधली आहे की डोळे मिटले तर विनोद दिसतच नाही. डोळे उघडले की डेव्हिड दिसतो, गवयाच्या थाटात मान हलवणारा, पूर्ण गंभीर. विनोदी नटाने स्वतः हसायचं नसतं हा धडा या एका दृश्यात आहे.

आणि मग पाऊस येतो. बाहेर रस्त्यावर चिखल होतो, लोक बुटांना पॉलिश करून घेणं बंद करतात आणि ती दोन मुलं उपाशी पडतात. ज्याने मुलांना धंद्याला लावलं, त्यानेच गंमत म्हणून बोलावलेल्या पावसाने त्यांचा धंदा बुडवला. पटकथेत हे कुणी मोठ्याने बोलून दाखवत नाही. शहरातल्या समीक्षकांनी या गाण्याला ‘विनोदी विरंगुळा’ म्हणून बाजूला काढलेलं मी वाचलं आहे. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आमच्या भागाचं उदाहरण देऊन सांगतो.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात, आणि अक्षय्यतृतीयेच्या मागेपुढे तो बाजार उठतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. पावसाळा लागला की तंबू ठोकता येत नाही. फड बंद होतो, कलावंत घरी जातात आणि पुढच्या हंगामाची उचल घेऊन चार महिने काढतात. तंबूतल्या सिनेमाचंही तसंच होतं. शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो त्याच पावसाने तमासगिराची चूल विझते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला भात पिकवणारा माणूस आणि राहुटीतला ढोलकीवाला, दोघं एकाच ढगाकडे पाहतात आणि उलट गोष्टी मागतात. ‘बूट पॉलिश’चं ते गाणं इथे बसून ऐकलं तर विरंगुळा वाटत नाही.

तमाशाचा विषय निघालाच आहे तर डेव्हिडच्या कलेबद्दलचा माझा मुख्य मुद्दा त्याच भाषेत मांडतो. विनोदी नट म्हटलं की आपल्याला सोंगाड्या आठवतो. गवळणीतला पेंद्या, बतावणीतला हजरजबाबी गडी, वगात राजाची फिरकी घेणारा शिपाई. काळू-बाळू, दादा कोंडके हे त्या परंपरेतले. सोंगाड्या समोर येतो, वाक्य टाकतो, टाळी घेतो. हिंदी चित्रपटात जॉनी वॉकर, मेहमूद ही त्याच जातीची माणसं. डेव्हिड या जातीचा नाही. फडात सोंगाड्याशिवाय आणखी एक माणूस असतो, झीलकरी. तो मागे उभा असतो, हातात तुणतुणं किंवा झांज. शाहिराची ओळ संपता संपता तो ती वरच्या पट्टीत उचलतो आणि ‘जी जी’ करत लांबवतो. झील नसेल तर शाहिराचा दम तुटतो. पण झीलकऱ्यासाठी कुणी तिकीट काढत नाही.

डेव्हिड हिंदी चित्रपटातला झीलकरी होता. हे कळतं हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटांत. ‘गोलमाल’ (१९७९) घ्या. रामप्रसादला नोकरी हवी आहे, भवानीशंकरांना मिशीवाला, साध्या राहणीचा मुलगा हवा आहे. त्यांची विक्षिप्त मतं रामप्रसादच्या कानात घालतो तो डेव्हिडचा डॉक्टर केदार. मग अमोल पालेकर आणि उत्पल दत्त यांच्यात जो धुमाकूळ चालतो त्याला आपण हसतो, पण तो धुमाकूळ सुरू करून देणारा माणूस शांत आहे. ‘चुपके चुपके’ (१९७५) मध्येही खोट्या ड्रायव्हरच्या कटात तो सामील असतो. कट दुसऱ्याचा, मजा दुसऱ्याची, याचं काम फक्त होकार देण्याचं. तो होकार त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वासार्ह दिसतो की प्रेक्षकही कटात सामील होतो. खोटेपणाचा सगळा विनोद एका सज्जन चेहऱ्याच्या जामिनावर चालतो.

आणि हाच चेहरा हसू काढून घेतल्यावर काय करतो ते ‘अभिमान’ (१९७३) मध्ये दिसतं. गायक सुबीर लग्न करून उमाला आणतो, समारंभात दोघं एकत्र गातात. पाहुण्यांत बसलेला डेव्हिडचा जाणकार रसिक ऐकतो आणि शेजाऱ्याला सांगतो की मुलगी नवऱ्याहून वरचढ आहे, हे पुढे जड जाईल. पुढचा सगळा चित्रपट त्या एका शेऱ्याचा विस्तार आहे. या छोट्या प्रसंगात डेव्हिड आवाज चढवत नाही, भुवयाही उंचावत नाही. नेहमीचा आनंदी काका चिंतेने बोलतो आहे, एवढ्यानेच आपण सावध होतो. तीस-पस्तीस वर्षं हसरा चेहरा जमवून ठेवला, त्याची ही पुंजी.

‘सत्यकाम’ (१९६९) मध्ये तो पारशी रुस्तम आहे. म्हणजे हिशेब मांडला तर : ख्रिश्चन, पारशी, बंगाली वळणाचा हिंदू, डॉक्टर, चाचा, अंकल. भारतात जेवढे समाज तेवढे बहुतेक त्याने करून दाखवले. ठळकपणे ज्यू माणूस म्हणून लक्षात राहिलेली भूमिका मात्र एकही सांगता येत नाही. हॉलिवूडमध्ये युरोपातून आलेल्या ज्यू विनोदी नटांचंही असंच झालं. हंगेरीहून पळून गेलेला एस. झेड. साकाल ‘कासाब्लांका’त (१९४२) वेटर कार्ल झाला, आणि तसाच गोबऱ्या गालांचा, सर्वांचा लाडका काका म्हणून अमेरिकेला ठाऊक राहिला. त्याच्या घरातली माणसं युरोपातल्या छळछावण्यांत मारली गेली होती. डेव्हिडवर अशी वेळ आली नाही. हा फरक लहान नाही. बेने इस्राएल समाज नेहमी सांगतो की या भूमीवर ज्यू म्हणून आमचा छळ झाला नाही. छळ झाला नाही हे खरंच. पण शेजाऱ्याने प्रेमाने घरात घेतलं आणि नाव विचारायचं राहून गेलं, असंही होऊ शकतं.

पडद्याबाहेर डेव्हिड एका ठिकाणी पूर्ण स्वतः असे, ते म्हणजे समारंभाचं निवेदन. फिल्मफेअर पुरस्कारांचे अनेक सोहळे त्याने चालवले. कायद्याचं शिक्षण, उत्तम इंग्रजी आणि हजरजबाबीपणा तिथे कामाला येई. बाकी वेळ झील धरणारा माणूस तिथे शाहीर होई. ‘बूट पॉलिश’साठी १९५५ मध्ये सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक त्याला मिळालं. त्याच वर्षी बेलू झालेल्या बेबी नाझची कान महोत्सवात दखल घेतली गेली. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याने लग्न केलं नाही. एवढ्या लेकरांचा चाचा झालेला माणूस एकटा राहिला यावर पुष्कळांनी गहिवरून लिहिलं आहे. मला त्यात फारसं शिरावंसं वाटत नाही.

दरम्यान त्याचा समाज विरळ होत होता. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर, विशेषतः पन्नास-साठच्या दशकांत, कुटुंबंच्या कुटुंबं इस्राएलला गेली. आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार भरतील. अलिबागेत इस्राएल आळी अजून आहे, सिनेगॉगही आहे. घरांतली माणसं मोजकी. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे इस्राएलात गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. म्हणजे नाव-गाव बदललं तरी भाषेला त्यांनी सोडलं नाही.

डेव्हिडच्या अखेरच्या वर्षांतला ‘बातों बातों में’ (१९७९) पाहिला की हे सगळं आठवतं. वांद्र्याहून चर्चगेटला जाणारी लोकल, टोनी आणि नॅन्सी, आणि त्यांची गाठ घालून देणारा अंकल टॉम. बासू चटर्जींनी मुंबईच्या ख्रिश्चन वस्तीचं लोभस चित्र काढलं आहे आणि त्यात टोनी झालेला अमोल पालेकर मराठी, अंकल टॉम झालेला डेव्हिड मराठी. चित्रीकरण थांबल्यावर दोघं आपसांत कोणत्या भाषेत बोलत असतील? त्यानंतर दोन-अडीच वर्षांत डेव्हिड कॅनडात टोरांटोला वारला. चित्रपटाच्या इतिहासांत त्याची नोंद सापडते ती बहुधा ‘ड’खाली. ‘च’खाली शोधणाऱ्याला तो मिळत नाही.